भाषा येत नसली तरी खेळायला या

पहिल्या दिवशी सकाळी तीसेक मुलं एका मोठ्या खोलीत गोल करून उभी असतात. निम्मी फ्रान्सची, निम्मी जर्मनीची. वयं तेरा-चौदाच्या आसपास. जो तो आपल्या ओळखीच्याला चिकटलेला, त्यामुळे गोलाचे सरळसरळ दोन अर्धे पडलेले. मध्ये एक फ्रेंच ताई आणि एक जर्मन दादा, हातात मऊ चेंडू. चेंडू हातात आला की आपलं नाव सांगायचं आणि ज्याच्याकडे फेकायचा त्याचं नाव घ्यायचं. इतकं सोपं. पण फ्रेंच मुलाच्या तोंडून जर्मन नावाच्या सुरुवातीचा 'ह' काही केल्या निघत नाही, 'हाना'ची 'आना' होते. जर्मन मुलीला फ्रेंच नावातला नाकातला स्वर सापडत नाही. दोन्हीकडे हशा पिकतो, आणि हसू दोन्हीकडे सारखंच वाटलं जातं.

मग चिठ्ठ्या निघतात. प्रत्येक चिठ्ठीवर एक प्राणी. डोळे मिटायचे आणि नुसत्या आवाजावरून आपला जोडीदार हुडकायचा. फ्रेंच कोंबडा 'कोकोरिको' करतो, जर्मन कोंबडा 'किकेरिकी'. (मराठी 'कुकूच कू' त्या खोलीत तिसऱ्याच दिशेला गेलं असतं.) खोलीभर पाच मिनिटं नुसता कोलाहल. डोळे उघडल्यावर दिसतं की सकाळचे दोन अर्धे मोडले आहेत आणि ज्याच्या खांद्यावर हात पडला आहे तो परदेशी आहे.

फ्रान्स-जर्मनीतले आयोजक याला भाषेचं अ‍ॅनिमेशन म्हणतात. मराठीत 'भाषेचे खेळ' म्हटलं तरी चालेल. हा भाषेचा तास नव्हे. फळा नाही, व्याकरण नाही, चुकीला लाल शाई नाही. उद्दिष्टं तीन: संकोच मोडणं, ओळख करून देणं आणि कामापुरते शब्द तोंडात बसवणं. क्रमही हाच. शब्द शेवटी येतात. हे खेळ घेणाऱ्या ताई-दादांना त्याचं रीतसर प्रशिक्षण दिलं जातं, कारण खेळ कधी थांबवायचा हे कळणं खेळ घेण्याहून अवघड असतं.

खेळ पोरकट वाटतील, पण त्यांच्यामागे युरोपातल्या सर्वांत गंभीर प्रश्नांपैकी एक उभा होता. १८७० ते १९४५ या पंचाहत्तर वर्षांत फ्रान्स आणि जर्मनी तीन युद्धं लढले. दोन्हीकडच्या घराघरांत एकमेकांविषयीचा द्वेष आजोबांकडून नातवाकडे वारशाने येत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर पहिली हालचाल गावपातळीवर झाली. १९५० मध्ये जर्मनीतलं लुडविग्सबुर्ग आणि फ्रान्समधलं माँबेलियार ही दोन शहरं एकमेकांची 'जुळी शहरं' झाली. दोन्ही देशांमधली ही पहिली जोडी. त्याच लुडविग्सबुर्गमध्ये सप्टेंबर १९६२ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल आले आणि जर्मन तरुणांपुढे चक्क जर्मनमध्ये बोलले. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत राहिलेल्या या सेनापतीने भाषण पाठ केलं होतं. पुढच्या वर्षी २२ जानेवारी १९६३ रोजी त्यांनी आणि जर्मन चॅन्सेलर कोनराड आडेनॉवर यांनी पॅरिसमध्ये एलिझे करारावर सह्या केल्या. त्या करारातून ५ जुलै १९६३ रोजी फ्रेंच-जर्मन युवा कार्यालय जन्माला आलं. दोन सरकारांनी सारखा पैसा घालायचा आणि तरुणांना एकमेकांकडे पाठवायचं, एवढं सरळ काम. तेव्हापासून नव्वद लाखांहून अधिक मुलं-तरुण या कार्यालयाच्या उपक्रमांतून जाऊन आले आहेत.

आकडा मोठा आहे, पण नुसत्या ये-जा करण्याने काय होतं? शाळेच्या सहली काढणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला विचारावं. चाळीस मुलं बसमधून जातात, बसमध्ये एकमेकांशीच बोलतात, किल्ला पाहतात, फोटो काढतात आणि परत येतात. सुरुवातीच्या कित्येक भेटींतही हाच धोका होता: फ्रेंच मुलं फ्रेंच टेबलावर, जर्मन मुलं जर्मन टेबलावर, आणि मध्ये भाषांतर करणारे थकलेले मास्तर.

या अडचणीतूनच साठच्या दशकाच्या उत्तरार्धात 'टँडेम' ही पद्धत पुढे आली. टँडेम म्हणजे दोघांनी पॅडल मारायची सायकल. एक फ्रेंच मूल, एक जर्मन मूल, अशी जोडी लावायची. ठरलेला वेळ फ्रेंचमध्ये बोलायचं, मग तितकाच वेळ जर्मनमध्ये. पहिल्या अर्ध्यात एक गुरू, दुसरा चेला. दुसऱ्या अर्ध्यात अदलाबदल. ही अदलाबदल हाच सगळ्या पद्धतीचा कणा आहे. नेहमीच्या वर्गात ज्याला भाषा येते तो वरचढ असतो आणि ज्याला येत नाही तो तास संपेपर्यंत खालीच राहतो. इथे दर अर्ध्या तासाने पारडं फिरतं. आत्ता ज्याने तुमच्या उच्चाराला हसून घेतलं, त्याला थोड्या वेळाने तुमच्याच भाषेत पाणी मागायचं असतं. त्यामुळे हसण्यालाही आपोआप माप राहतं.

टँडेमचा कागद जवळून पाहण्यासारखा असतो. दोघांकडे दोन वेगवेगळे कागद. समजा, प्रसंग बेकरीतला आहे. फ्रेंच मुलीच्या कागदावर तिने काय विचारायचं ते फ्रेंचमध्ये लिहिलेलं असतं: दोन पाव हवेत, किंमत विचार, सुटे नाहीत म्हणून सांग. ते तिने जर्मनमध्ये म्हणायचं. तिच्या जोडीदाराच्या कागदावर तेच वाक्य बरोबर जर्मनमध्ये छापलेलं असतं. ती अडखळली की तो सांगतो, चुकली की दुरुस्त करतो. पुढची ओळ त्याची. ती त्याने फ्रेंचमध्ये म्हणायची आणि त्या ओळीचं बरोबर फ्रेंच रूप मुलीच्या कागदावर. म्हणजे प्रत्येकाकडे दुसऱ्याला हवी असलेली वस्तू असते. दोघांपैकी एक जण कागद घेऊन निघून गेला, तर उरलेल्याच्या कागदाला काही अर्थ राहत नाही. मास्तर खोलीत नसले तरी काम चालतं. किंबहुना ते नसले तर बरं चालतं. पुढे १९८० च्या सुमारास ही पद्धत स्पेनमधल्या भाषाशाळांतही पोचली आणि तिथून जगभर पसरली.

आज या शिबिरांपुढे एक नवं संकट आहे, आणि ते आहे इंग्रजी. फ्रान्समध्ये जर्मन आणि जर्मनीत फ्रेंच निवडणाऱ्या विद्यार्थ्यांचं प्रमाण घटत चाललं आहे. दोन्हीकडची मुलं भेटली की पहिल्याच वाक्याला इंग्रजीवर घसरतात. काम भागतं, यात शंका नाही. मात्र इंग्रजी आली की ज्याची शाळा चांगली, ज्याच्या घरी पैसा, ज्याने परदेशी सुट्ट्या घालवल्या, तोच गटात बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात. दोघांच्याही मोडक्यातोडक्या भाषा समोरासमोर ठेवण्यात जी बरोबरी होती ती जाते. भारतातल्या कुठल्याही 'आंतरराज्य युवा शिबिरा'त बसून पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तिथे ही जागा कधी इंग्रजी घेते, कधी हिंदी.

बरोबरीसाठी आयोजक आणखी एक युक्ती करतात. भेट कधीकधी फ्रेंच मुलांच्या गावीही नाही आणि जर्मन मुलांच्या गावीही नाही, तर तिसऱ्याच जागी ठरवतात. कुणाच्याही घरचं मैदान नाही. यजमान नाही, पाहुणा नाही. चहा कुठे मिळतो हे कुणालाच माहीत नाही. सगळे सारखेच बावचळलेले.

बरोबरी आणि गरज या दोन गोष्टींवर एवढा भर का, याचं उत्तर अमेरिकेतल्या एका शिबिराने १९५४ च्या उन्हाळ्यात दिलं होतं. ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह नावाच्या उद्यानात मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अकरा-बारा वर्षांची २२ मुलं आणली. शेरीफ मूळचे तुर्कस्तानचे. उस्मानी साम्राज्य कोसळतानाचा वांशिक हिंसाचार त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिला होता. सगळी मुलं एकाच थरातली, गोरी, मध्यमवर्गीय, एकमेकांना अनोळखी. त्यांच्या दोन टोळ्या केल्या. एकीने नाव घेतलं 'ईगल्स', दुसरीने 'रॅटलर्स'. आठवडाभर दोघींना एकमेकींची गाठ पडू दिली नाही, मग स्पर्धा लावल्या: बेसबॉल, रस्सीखेच, बक्षीस. बघता बघता शिव्यागाळी सुरू झाली, एका टोळीने दुसरीचा झेंडा जाळला, रात्री एकमेकांच्या केबिनींवर धाडी पडल्या.

खरी शिकण्याजोगी गोष्ट पुढे आहे. भांडण मिटवण्यासाठी शेरीफ यांनी आधी तेच केलं जे सगळे करतात: मुलांना एकत्र आणलं. एकत्र सिनेमा, एकत्र जेवण. जेवणाच्या वेळी मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. मग त्यांनी अशा अडचणी उभ्या केल्या की एका टोळीच्या बळावर त्या सुटूच नयेत. पिण्याच्या पाण्याचा पुरवठा बंद पडला. सगळ्यांनी मिळून टाकीपर्यंत जाऊन बिघाड शोधला. 'ट्रेझर आयलंड' हा सिनेमा आणायला पैसे कमी पडत होते. दोन्ही टोळ्यांनी वर्गणी काढली. जेवण आणायला निघालेला ट्रक सुरू होईना. रस्सीखेचीसाठी वापरलेलाच दोर ट्रकला बांधून दोन्ही टोळ्यांनी तो ओढला. शिबिर संपलं तेव्हा परतीला सगळे एकाच बसने जायचं म्हणाले.

हा प्रयोग गोष्टीइतका गुळगुळीत नव्हता, हेही नोंदवायला हवं. आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, न्यूयॉर्क राज्यात शेरीफ यांनी असाच प्रयोग केला होता आणि तिथली मुलं भांडायलाच तयार झाली नाहीत. मोठी माणसं आपल्याला मुद्दाम भिडवताहेत हे त्यांनी ओळखलं. तो प्रयोग गुंडाळावा लागला. मुलांना अशा रीतीने फसवणं आजच्या नियमांत बसणार नाही. पण 'एकत्र आणलं की झालं' ही समजूत मात्र त्या जेवणाच्या टेबलावरच फुटली, ती कायमची.

त्याच १९५४ साली गॉर्डन ऑलपोर्ट या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञाने पूर्वग्रहावरच्या आपल्या ग्रंथात हेच नियमात बांधलं. दोन गटांचा संपर्क उपयोगी पडायचा तर दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते सहकार्याशिवाय गाठता येऊ नये आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. पुढे २००६ मध्ये थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी तोवरच्या ५१५ अभ्यासांची एकत्र छाननी केली. निष्कर्ष आशादायक निघाला: संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे कमी होतो आणि ऑलपोर्टच्या अटी पाळल्या तर अधिकच.

आता या कसोटीवर आपल्या ओळखीचा 'सांस्कृतिक कार्यक्रम' लावून पाहावा. एका राज्याची मुलं आपला पोशाख घालून नाच करतात, दुसऱ्या राज्याची टाळ्या वाजवतात. मग उलट. शेवटी पदार्थांचे स्टॉल. दर्जा बरोबरीचा असेलही, पण दोघांनी मिळून काय केलं? काहीच नाही. उलट, मूल त्या दिवशी स्वतःपुरतं उरत नाही. ते फेट्यातला महाराष्ट्र किंवा मुंडूतला केरळ होतं. नागपूरच्या ज्या मुलाने आयुष्यात लेझीम हातात धरली नाही, त्यालाही त्या दिवशी लेझीम खेळावी लागते.

नाटक, सर्कस, चित्रकथा, हिप-हॉप, लघुपट असे सर्जनशील प्रकार या शिबिरांत इतके का रुजले, तेही इथून कळतं. केवळ मुलांना आवडतात म्हणून नव्हे. सर्कशीतला मानवी मनोरा घ्या. खालच्या रांगेतली जर्मन मुलगी आणि तिच्या खांद्यावर चढणारा फ्रेंच मुलगा यांना 'थांब', 'आता', 'डावा पाय' हे तीन शब्द एकमेकांच्या भाषेत यावेच लागतात, नाहीतर दोघंही गादीवर आपटतात. असा शब्द पाठ करावा लागत नाही.

सर्जनशीलता म्हणजे गोडगोड असलं पाहिजे असंही नाही. २९ मे २०१६ रोजी फ्रान्समधल्या व्हर्दंच्या लढाईच्या शताब्दीचा सोहळा होता. १९१६ मध्ये दहा महिने चाललेल्या त्या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीन लाख सैनिक मेले. तिथल्या दुओमाँच्या अस्थिगृहात ओळख न पटलेल्या सुमारे १,३०,००० जणांचे अवशेष आहेत. शताब्दीसाठी युवा कार्यालयाने दोन्ही देशांतल्या सुमारे ३,४०० तरुणांना तिथे आणलं. त्यांनी आधी काही दिवस कार्यशाळा केल्या, रणभूमी पाहिली, आणि मुख्य दिवशी जर्मन दिग्दर्शक फोल्कर श्लोन्डॉर्फ यांनी बसवलेला एक प्रयोग केला. ढोलांच्या गजरात ही मुलं रंगीत टीशर्ट घालून पांढऱ्या क्रुसांच्या रांगांमधून धावत आली, झुंजली आणि मृत्यूचं सोंग घेतलेली व्यक्ती मधोमध येताच एकदम जमिनीवर कोसळली. तेव्हाचे फ्रेंच अध्यक्ष ओलांद आणि जर्मन चॅन्सेलर मेर्केल समोर बसले होते.

फ्रान्समध्ये यावर रान उठलं. कबरींवरून काय धावायचं, हा हुतात्म्यांचा अपमान आहे, असा सूर लागला. आक्षेप समजण्यासारखा आहे, पण त्या रांगांमध्ये पुरलेले कितीतरी जण धावणाऱ्या मुलांपेक्षा थोड्याच वर्षांनी मोठे होते. तिथे वयस्कर पाहुण्यांनी पुष्पचक्र वाहून मौन पाळण्यापेक्षा तरुण मुलांनी धावत येऊन एकत्र आडवं पडणं कमी गंभीर होतं, असं म्हणता येत नाही. निदान त्या दिवशी दोन्हीकडच्या मुलांमध्ये कोण कुठला हे लांबून ओळखू येत नव्हतं.

मुलांना एकत्र कामाला लावण्याच्या याच वाटेने त्याआधी एक फार टिकाऊ गोष्ट जन्मली होती. एलिझे कराराला चाळीस वर्षं झाली म्हणून जानेवारी २००३ मध्ये बर्लिनमध्ये दोन्ही देशांच्या विद्यार्थ्यांची युवा संसद भरली. तिथे मुलांनी ठराव केला: इतिहासाचं एकच पाठ्यपुस्तक दोन्ही देशांत हवं, मजकूर एकच, फक्त भाषा दोन. असे ठराव बहुतेक वेळा फायलीत जातात. हा गेला नाही. २००६ मध्ये १९४५ नंतरच्या काळावरचा पहिला खंड दोन्ही देशांत एकाच मजकुरासह प्रसिद्ध झाला आणि २०११ पर्यंत तीन खंड पूर्ण झाले. दोन्ही देशांत ते फार शाळांनी लावलं असं नाही. अभ्यासक्रम वेगळे, परीक्षा वेगळ्या. तरी ज्या दोन देशांच्या पुस्तकांत एकाचा विजय ही दुसऱ्याची मानहानी होती, त्यांच्या इतिहासकारांना एका टेबलावर बसून ओळन् ओळ मान्य करावी लागली, आणि ते मुलांनी मागितलं म्हणून.

युवा कार्यालयाचा नमुना इतरांनीही उचलला. १९९१ मध्ये जर्मन-पोलिश युवा कार्यालय निघालं. २०१६ मध्ये पश्चिम बाल्कनमधल्या सहा देश-प्रदेशांनी मिळून तिराना इथे मुख्यालय असलेलं प्रादेशिक युवा सहकार्य कार्यालय काढलं. त्यात नव्वदच्या दशकात एकमेकांवर बंदुका रोखलेले सर्ब, बोस्नियन आणि अल्बेनियनही आले.

अमेरिकेत दुसरीच परंपरा दिसते. डोरिस अ‍ॅलन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५१ मध्ये सिनसिनाटीजवळ पहिलं आंतरराष्ट्रीय बालग्राम भरवलं. तिथल्या मुलांचं वय मुद्दाम अकरा ठेवलं होतं: आपल्या घरची रीत सांगता येईल इतकं मोठं आणि पूर्वग्रह घट्ट बसले नसतील इतकं लहान. ही संस्था आजही अकरा वर्षांच्या मुलांची बालग्रामं भरवते. मिनेसोटा राज्यात १९६१ पासून काँकॉर्डिया कॉलेज भाषाग्रामं चालवतं. तिथे पोचताच मुलाला 'पासपोर्ट' मिळतो, नवं नाव मिळतं, खिशातले डॉलर त्या त्या देशाच्या चलनात बदलून घ्यावे लागतात आणि दुकानात खाऊ हवा तर त्या भाषेतच मागावा लागतो. जर्मन ग्रामाचं नाव तळ्याकाठचं म्हणून 'वाल्डझे', म्हणजे रानातलं तळं, असं ठेवलं होतं. नंतर उजेडात आलं की १९४४ मध्ये आउश्वित्झला नेलेल्या हंगेरियन ज्यूंकडून नाझींनी घरी खुशालीची पत्रं लिहून घेतली होती आणि त्यांवर पत्ता घातला होता 'वाल्डझे'. चित्रातल्यासारख्या कौलारू घरांच्या, गाण्यांच्या त्या शिबिरावर इतिहास असा येऊन उभा राहिला. संस्थेने तो दडवला नाही, जाहीर चर्चेत आणला. भाषा शिकवायची तर तिच्यातली केकची पाककृती तेवढी शिकवून भागत नाही.

एवढं करूनही मुलं घरी परतल्यावर काय उरतं, हा प्रश्न राहतोच. त्याचा नीट अभ्यास अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या 'सीड्स ऑफ पीस' शिबिराबाबत झाला आहे. पत्रकार जॉन वॉलक यांनी १९९३ मध्ये ते इस्रायली, पॅलेस्टिनी आणि इजिप्शियन मुलांसाठी सुरू केलं; २००१ पासून भारत आणि पाकिस्तानची मुलंही तिथे जाऊ लागली. ज्युलियाना श्रोडर आणि जेन रायझेन यांनी इस्रायली-पॅलेस्टिनी मुलांचा शिबिराआधी, शिबिरानंतर आणि काही महिन्यांनी माग घेतला. घरी गेल्यावर मनाचा मोकळेपणा काहीसा ओसरतो, हे दिसलंच. पण ज्यांना समोरच्या गटातला एक जरी जिवलग मित्र मिळाला होता, त्यांच्यात बदल अधिक झाला आणि अधिक टिकला. मैत्री जुळण्याची शक्यताही कुणाला एका खोलीत, एका टेबलावर, एका चर्चागटात बसवलं यावर बरीच अवलंबून होती. म्हणजे आयोजकाने खोल्यांची यादी करताना घातलेलं डोकं उद्‌घाटनाच्या भाषणापेक्षा अधिक मोलाचं.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. स्वातंत्र्यलढ्यात त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना साने गुरुजी तमिळ शिकले. 'कुरल' या तमिळ ग्रंथाचा मराठी अनुवाद त्यातूनच झाला. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या घरी राहावं, हे त्यांचं 'आंतरभारती'चं स्वप्न होतं आणि त्यामागे रवींद्रनाथांच्या विश्वभारतीची प्रेरणा होती. १९५० मध्ये गुरुजी गेले आणि स्वप्न मुख्यतः कार्यकर्त्यांच्या हिमतीवर राहिलं. पुढे एस. एन. सुब्बराव, म्हणजे तरुणांचे भाईजी, यांच्या राष्ट्रीय युवा योजनेच्या बालमहोत्सवांत परराज्यांतली मुलं यजमान शहरातल्या घरांमध्ये राहू लागली. मंचावरच्या कार्यक्रमाइतकंच महत्त्व त्या घरातल्या रात्रीच्या जेवणाला होतं, कारण तिथे ओडिया मुलीला आमटी वाढताना 'बास' कसं म्हणायचं हे शिकावं लागतं.

पुण्यात आणखी एक पूल बांधला गेला. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची बालनाट्यं डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये मराठीत आणली. 'छान छोटे वाईट्ट मोठे' हे त्यातलं पहिलं. राजा-राणी आणि पऱ्या नाहीत, शहरातल्या मुलांचे खरे प्रश्न, आणि मुलांच्या भूमिका मोठ्या नटांनी करायच्या. नाटकं जशीच्या तशी उतरवली नाहीत, त्यांना पुण्यातले जिने, शेजारी आणि आई-बाबा दिले. म्हणूनच ती इथली झाली.

सरकारनेही हे काम अंगावर घेतलं आहे. 'एक भारत श्रेष्ठ भारत' योजनेत राज्यांच्या जोड्या लावल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला ओडिशा आला आणि मुलांनी जोडीदार राज्याच्या भाषेतली शंभर वाक्यं शिकावीत असं ठरलं. २०१८ मध्ये शाळाशाळांतून 'भाषा संगम' झाला: आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषा, प्रत्येकीची पाच वाक्यं. हेतू चांगला आहे. पण साताऱ्याच्या वर्गात ओडियातलं 'तुझं नाव काय?' पाठ करणाऱ्या मुलासमोर उत्तर देणारं कुणी नसतं. नाव विचारायला समोर मूल लागतं. शेरीफ यांचा दोर ओढायला दुसरी टोळी लागते.

आणि दुसरी टोळी शोधायला भुवनेश्वरपर्यंत जायची गरजही नाही. मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते. अनेक ठिकाणी एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा भरतात. मजले वेगळे, पाळ्या वेगळ्या, प्रार्थना वेगळ्या. उर्दू शाळेतली सातवी आणि मराठी शाळेतली सातवी जिन्यात रोज एकमेकींना ओलांडून जातात. टँडेमचे कागद करायला दोन शिक्षक पुरेत, मजकूर त्यांच्याच पाठ्यपुस्तकातून निघेल, आणि वेळ आठवड्यातून शनिवारचा एक तास. दोन्ही मुख्याध्यापकांनी येत्या जूनमध्ये वेळापत्रक करताना एवढा एक तास एकमेकांशी जुळवून पाहावा, आणि मुलांच्या जोड्या लावताना हुशार-मठ्ठ असा विचार करू नये. ज्याला जी भाषा येते, त्याने ती दुसऱ्याला द्यावी, इतकंच बघावं.